तेरावा दात

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या मावशीच्या डोळ्यांसमोर घडलंय.

रात्र नव्हती. मंगळवारची भर दुपार, सव्वा वाजलेला. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात काचेच्या छपरातून लख्ख ऊन पडलं होतं.

मावशीचं काम दगडातून हाडं सोडवायचं. डायनासोरची. बारीक छिन्नी, सुया, ब्रश... एकेका हाडाला दोन-दोन वर्षं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, त्याच हाडांना आधार द्यायला लोखंडी सळ्या वेल्डिंग करायचा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. तिचा जीव की प्राण.

गुरुवारी उद्घाटन होतं. चाळीस फुटी मांसाहारी डायनासोरचा सांगाडा उभा राहिला होता. फक्त खालच्या जबड्यातला डावीकडचा तेरावा दात बुंध्याशी तुटलेला.

संग्रहालयाच्या साहेबांना ती फट खुपत होती. प्लास्टरचा दात बसवून पाहिला, पण खोटेपणा लपेना.

खरा दात होता. हा सांगाडा निघाला त्याच खाणीत सापडलेल्या एका शाकाहारी डायनासोरच्या कमरेच्या हाडात, खोलवर रुतलेला. भोवती हाड भरून आलं होतं. म्हणजे ते बिचारं जनावर चावा खाऊनही निसटलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं जगलं होतं.

या कामात एक नियम आहे. हाडात रुतलेला दात काढायचा नाही. कधीच नाही. दोघांची झटापट झाली याचा तेवढाच पुरावा असतो.

मावशीला हे तोंडपाठ होतं. तरी साहेबांच्या घाईपायी सोमवारी तिने तो दात कोरून काढला. तुटक्या बुंध्यावर धरून पाहिला... तंतोतंत जुळला.

"चला, ज्याचं त्याला मिळालं," ती हसून म्हणाली.

मंगळवारी बाकीचे जेवायला गेले. मामा दात चिकटवायला शिडीवर चढला. उजवा हात कोपरापर्यंत जबड्यात.

"ताई, याला सांग गं, माझ्यात नुसती हाडंच आहेत. तोंड घालून काही फायदा नाही."

"जीभ आवर आणि हात चालव," मावशी खालून म्हणाली.

तो शीळ घालायला लागला. कोपऱ्यात कंप्रेसर घरघरत होता.

मग कंप्रेसर बंद पडला...

शीळही थांबली.

"ताई... हा दात ओला लागतोय."

"ग्लू असेल."

"ग्लू अजून लावलाच नाहीये गं..."

तेवढ्यात मावशीला श्वास ऐकू आला. जड, लांबलचक... फासळ्यांच्या त्या रिकाम्या पिंजऱ्यातून. पाठोपाठ सडक्या मांसाचा भपकारा.

"हात काढ! आधी हात काढ!"

जबडा मिटला.

मावशीची हयात हाडांत गेलेली. पण ओलं हाड मोडताना कसं वाजतं, ते तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शिडी कोसळली. मामा खाली आला नाही.

तो दातांत लटकत होता, किंचाळत होता. ते डोकं एकदा डावीकडे गेलं... एकदा उजवीकडे. कुत्रं फडकं झटकतं तसं. रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडाल्या, मावशीच्या चष्म्यावर उडाल्या. तिने मामाचा घण उचलला आणि समोरच्या पायाच्या हाडावर घातला. पुन्हा घातला. पुन्हा. दोन वर्षं खपून सोडवलेल्या हाडाचा तिने चुरा केला.

मामा धप्पकन पडला. उजवा हात खांद्यापासून गेला होता.

तिने एप्रन जखमेत कोंबला आणि त्यावर गुडघा रोवून बसली, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत.

"तासाभरात हात आणा, जोडून बघू," डॉक्टर म्हणाले. लोकांनी दालन पालथं घातलं, गटारं उपसली, छपरावर चढले. हात नाहीच. बोटातली अंगठीसुद्धा नाही.

चौकशीत लिहिलं, जबड्याची तार तुटून अपघात. मावशीने एकूण एक तार चाचपून पाहिली. सगळ्या शाबूत होत्या.

मामा वाचला. आता मावशीकडेच असतो. गेलेला हात दुखल्यासारखा वाटतो, असं पुष्कळांना होतं म्हणे. गोळ्या चालू आहेत.

परवा मी भेटायला गेलो होतो. मावशी त्याला भरवत होती. घास तोंडाशी असतानाच तो दचकला... आणि रिकाम्या बाहीकडे बघत राहिला.

"दुखतंय का रे?"

"दुखणं वेगळं, ताई," तो हळूच म्हणाला. "गरम लागतंय. सोडलंच नाहीये त्याने अजून. चावतोय."

मावशीने घास ताटात ठेवला. बाहीचं टोक दोन्ही मुठींत पकडलं आणि आपल्याकडे ओढून धरलं.

मी निघालो तेव्हाही तिने ते सोडलं नव्हतं.