फुकट वाटलेला हात

दादाने बनवलेला रोबोटचा हात अगदी साधा होता. छापलेली प्लॅस्टिकची बोटं, आत मासे पकडायची नायलॉनची दोरी, खेळण्यातल्या मोटारी. कुठल्याही शाळेतल्या मुलांनी तो स्वतः जोडावा म्हणून त्याने सगळे आराखडे इंटरनेटवर फुकट टाकले होते. नसती उठाठेव, असं धाकटा भाऊ तेव्हा म्हणायचा. दादा गेला आणि ती उठाठेव धाकट्याच्याच गळ्यात पडली.

मग तक्रारी सुरू झाल्या. दूरच्या एका शाळेतल्या मास्तरांनी व्हिडिओ पाठवला. हात मध्येच टेबलावरचं फडकं चिमटीत धरून ओढत होता. पाठोपाठ परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून तोच प्रकार कळला. धाकट्याने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. अशी हालचाल त्यात कुठेच नव्हती.

त्याने तो व्हिडिओ वहिनीला दाखवला.

"शेवटी शेवटी हे चादर अशीच ओढत होते," ती म्हणाली. "तुम्हाला कुठून ठाऊक असणार, भाऊजी? तुम्ही त्यांनी बनवलेला हात मिरवायला परगावी गेला होतात."

धाकट्याला ते झोंबलं. "मग पुढे काय केलं दादाने?"

वहिनी उठून आत गेली.

आठवड्याभरात सगळीकडून नवे व्हिडिओ आले. फडकं सोडून हात पालथ्याचे उताणे होत होते आणि तसेच थांबत होते. कार्यशाळेतला दादाचा मूळ हातही तसाच थांबला. वहिनी दारातून बघत होती.

"शेवटी यांनी हात असाच तुमच्यासाठी पुढे केला होता," ती म्हणाली. "मी माझा दिला, तर झिडकारला. तीस वर्षं संसार केला मी."

धाकट्याला रडू आवरेना. त्याने आपला हात त्या पंजात ठेवला.

बोटं सावकाश मिटली.

बराच वेळ गेला. त्याने वीज बंद केली, वायर उपटली. पकड सुटेना.

"वहिनी, दुखतंय."

तिने कात्री आणली. एकेक दोरी कापली. तिचा चेहरा कोरडा होता.

सकाळी मास्तरांचा निरोप आला: कालपासून आमच्या हाताची मूठ उघडत नाही. आत काही नाही, तरी बोटं पुरती मिटलेलीही नाहीत. मधल्या पोकळीत मुलांनी बोट घालून पाहिलं. जागाच नाही, आत कुणाचा तरी हात असल्यासारखं लागतं म्हणतात.