हाकेचं कुंपण

माळाच्या कडेला पत्र्याची एक खोली, तीच प्रयोगशाळा. टेबलावर गुरांच्या मापाचे कंठपट्टे मांडले होते आणि गुराखी सोपानतात्या मेटकरी एकेका पट्ट्यावरून बोट फिरवत होते, सोनाराच्या दुकानात लेकीसाठी साज बघावा तसं.

"तात्या, गळ्यात घालून बघता का एखादा?" अब्बास मुलाणी म्हणाला. पट्ट्यांची यंत्रणा त्याची.

"लगीन झालं तवाच घातलाय बाबा. दुसरा कशाला?"

कुरणाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सुलक्षणा बंडगर हसल्या, पण नजर खिडकीबाहेर होती. बाहेर माणदेशाचं कुरण भाद्रपदाच्या उन्हात पसरलं होतं. पवन्या आणि मारवेल फुलोऱ्यावर यायला लागले होते. दिवाळीपर्यंत त्या गवताचं बी पिकून मातीत पडणार होतं आणि त्याच गवताच्या बुडाशी तणमोर या दुर्मिळ पक्ष्याची मादी अंडी घालणार होती. तोवर निम्म्या कुरणात खूर पडता कामा नये, हे दर साली ठरायचं आणि दर साली मोडायचं. तारेचं कुंपण घालावं, तर तणमोर उडताना तारेत अडकायचे. शिवाय राखायची जागा गवताच्या तोलाने सरकवावी लागे. तार कशी सरकणार?

म्हणून आभासी कुंपण. माळावर रेघ नाही, खांब नाही. रेघ असायची ती फक्त यंत्राच्या नकाशात. गाय रेघेजवळ आली की पट्टा शिट्टी घालायचा. तरीही पुढे गेली, तर मानेला मुंगी चावल्याएवढा झटका. चार-आठ वेळा असं झालं की झटक्याची गरज उरत नसे, नुसत्या शिट्टीवर गाय मागे फिरे.

पण खिलार जनावर तापट. गेल्या साली पहिल्याच शिट्टीला तात्यांची उतारवयाची लाडकी गाय हरणी उधळली, ओढ्यात कोसळली आणि पोटातलं वासरू गेलं. तात्या त्या ओढ्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसले होते.

"ती शिट्टी म्हंजे साप फुसकारल्यागत वाटती गुरांला," ते आता म्हणाले. "माझाच आवाज घाला त्यात. मी गुडघ्याच्या आप्रेशनला सांगलीला, पोरीकडं चाललोय. माझ्यामागं परक्यानं का हाकावं माझ्या गुरांला?"

"एकच हाक रोज वाजली तर गुरं ती मनावर घेत नाहीत," अब्बास म्हणाला. "गिरणीच्या भोंग्यासारखं होतं. त्यापेक्षा तुमचं भरपूर बोलणं नोंदवून घेऊ. स्वरजनक यंत्र त्यातून दर वेळी नवं वाक्य तुमच्याच आवाजात बोलेल."

"शिव्या बी घ्यायच्या?"

"शिव्या आधी घ्या. त्यात जीव असतो."

सुलक्षणा मात्र थांबल्या. "तात्या, एक सांगते. शिट्टी बदलली तरी झटका राहणारच. नुसत्या आवाजाला गाय फार दिवस मानत नाही. तुमच्या आवाजामागून तो झटका येईल."

"मग? आई धपाटा घालतीच की. म्हणून लेकरू आईला सोडतंय व्हय?"

सुलक्षणांकडे याला उत्तर होतं. आई धपाटा घालते आणि मग पोटाशी धरते. पट्टा पोटाशी धरत नाही. पण बाहेर तणमोराची मादी नुकतीच दिसली होती. हरणीही पुन्हा गाभण होती. त्या नोंदणीच्या तयारीला लागल्या.

तात्यांनी मग माळावर बसून आवाज दिला. गुरांची नावं घेतली, शिव्या घातल्या, मशेरीच्या, सुनेच्या, पावसाच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी रोज तिन्हीसांजेला गुरं घरी नेताना म्हणायची ती ओवी म्हटली.

*सांज झाली माळावरी, ये गं हरणे घराला*
*तुझ्या घंटेच्या मागून, चांद येईल दाराला*

अब्बासने कानावरचे हेडफोन काढले.

सांगलीहून तात्यांचा फोन यायचा. गुडघ्याचं विचारलं की उडवून लावायचे.

"गुरं उधळली न्हाईत न्हवं?"

"एकही नाही."

"हरणी माझा आवाज वळखती का?"

"ऐकल्याबरोबर वळते, तात्या," सुलक्षणा म्हणायच्या. ते खरंच होतं. रेघेपाशी तात्यांचा आवाज उमटे, हरणी कान टवकारी, मान वळवी आणि शांतपणे मागे फिरे. तिच्यामागे सगळा कळप. तिन्हीसांजेला रेघ मागून गोठ्याकडे सरकवत नेली की कळप घरीही येई. थोड्याच दिवसांत झटक्याचं काम संपलं. राखलेलं गवत कमरेला लागलं. त्यात तणमोराची पिल्लं निघाली. हरणीनेही पाडस दिलं, पांढरंशुभ्र, कपाळावर काळा ठिपका. त्याने तात्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज मात्र ते जन्मापासून ऐकत होतं.

दिवाळी झाल्यावर कुरण मोकळं करायचा दिवस आला. त्याला तिथे माळभेट म्हणतात. सकाळी सगळ्या गुरांचे पट्टे उतरवले. मग रीतीप्रमाणे गुराख्याने अनवाणी पायांनी माळाच्या मध्यावर उभं राहायचं, ओंजळीत गूळ आणि जोंधळा घ्यायचा आणि हाक घालायची. जी गाय आधी येऊन ओंजळीला तोंड लावील, तिच्या गळ्यात झेंडूची माळ. ती माळ दर साली हरणीचीच.

तात्या काठी टेकत मध्यावर गेले. दाढी गुळगुळीत, पटका नवा. खांद्यावर माळ. कळप समोरच चरत होता.

"हरणेऽ" त्यांनी हाक दिली. "आलो गं मी."

हरणीने मान वर केली. कान टवकारले. मग मान वळवली आणि शांतपणे मागे फिरली. तिच्यामागे सगळा कळप.

तात्यांना वाटलं, वारा उलटा असेल. त्यांनी पुन्हा हाक घातली, लाडाने, आणखी मोठ्याने. गुरांची पावलं भराभर पडू लागली. पाडस तर शेपटी वर करून पळालं.

"पट्टे काढलेत," अब्बास पुटपुटला. "आता कशाला भितात?"

"पट्टा त्यांना कधी दिसलाच नव्हता," सुलक्षणा म्हणाल्या. "वाक्यं आपण रोज बदलली. दर वेळी सारखं असं एकच होतं, ते त्या शिकल्या. कुंपण नकाशात नव्हतं अब्बास. कुंपण म्हणजे तात्यांचा आवाज."

तात्यांनी ते ऐकलं. ओंजळ तशीच पुढे धरून उभे राहिले. उन्हं कलली, तशी हरणी आपण होऊन परतली. हवेत नाक उचलून वास घेत घेत जवळ आली. घामाचा, मशेरीचा, जुन्या घोंगड्याचा वास. तिने ओंजळीत तोंड घातलं आणि खरखरीत जिभेने तळवा चाटला. तात्यांनी तिच्या गळ्यात माळ घातली. कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं.

"माजी बाय ती," ते हलकेच म्हणाले.

हरणी दचकून मागे सरली. माळेतला एक झेंडू तुटून गवतात पडला.

"विसरवता येतंय का हे?" तात्यांनी विचारलं.

"येतं," सुलक्षणा म्हणाल्या. "रोज तुम्ही बोलायचं आणि रोज गूळ द्यायचा. पण भीती लवकर बसते आणि उशिरा उठते. दोनेक वर्षं जातील."

"हरणीकडं कुठली आल्यात दोन वर्सं."

दिवस बुडायला आला. कळप ओढ्याच्या अंगाला पांगला होता. ओढ्याकाठी लांडग्यांची वीण होती आणि कळपात कोवळी पाडसं. गुरं गोठ्यावर न्यायला हवी होती आणि पट्टे खोलीत पडले होते.

"मी हाकून आणतो," अब्बास म्हणाला.

"तू गेलास तर उधळतील. थांब जरा." तात्यांनी डोळ्यांवर हात धरून ओढ्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. "डॉक्टरीणबाई, माझ्या आवाजापास्नं लांब जात्यात न्हवं?"

सुलक्षणांनी होकारार्थी मान डोलावली. त्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं.

नव्या गुडघ्यावर लंगडत तात्या लांबून वळसा घालून कळपाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. पाठीशी ओढा, समोर गुरं, गुरांच्या पलीकडे घर. आयुष्यभर ते पुढे चालत आले होते आणि गुरं मागून.

त्यांनी गळा मोकळा केला.

*सांज झाली माळावरी, ये गं हरणे घराला*

हरणीने मान वळवली आणि घराच्या वाटेला लागली. पाडस तिच्या पायात घोटाळत निघालं. एकेक करून सगळी निघाली. एकही उधळलं नाही. कुठे एखादं रेंगाळलं, की तात्या आवाजात आणखी माया घालत आणि ते झपाझप पावलं टाकू लागे.

घंटा लांब गेली. मग ऐकू येईनाशी झाली. गोठ्याचं फाटक लागल्याचं अब्बासने हात वर करून दाखवलं, तरी ओढ्याच्या काठावरून ओवी येतच होती.