अस्वलीला अडकलेली पॅसेंजर

उत्पला नाशिकरोडला डब्यात चढली ती थेट एका तरुणाच्या पायावरच उभी राहिली.

"राहू द्या, दुसराही आहे," तो म्हणाला.

उत्पला लाजून चूर. एरवी तिथल्या ऑफिसात साहेबालाही न घाबरणारी ही मुलगी. पण त्र्याऐंशी सालच्या त्या श्रावणी दुपारी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी इगतपुरीच्या घरी तिला बघायला मंडळी येणार होती. मुलगा मनमाडचा, रेल्वेत आहे, एवढंच आत्यानं सांगितलं होतं. फोटोबिटो काही नाही.

आणि गाडी? अस्वली स्टेशनात जी थांबली, ती हलायचं नावच घेईना! कुणी म्हणे इंजिन बिघडलं, कुणी म्हणे घाटात दरड कोसळली. दरड म्हणावी, तर शेजारून मेल धडधडत निघून गेली. पॅसेंजर आपली बाजूच्या रुळावर भिजत उभी होती.

समोर भाजीची पाटी घेऊन बसलेली पुतळाबाई कंटाळून त्या तरुणाकडं वळली. "एवढा नटूनथटून कुठं चालला रं बाबा?"

"मुलगी बघायला, मावशी." तो ओशाळून हसला. "घरचे सकाळीच मनमाडहून पुढं गेले. मी रेल्वेत ना, ड्यूटी सुटल्यावर ही गाडी मिळाली."

मनमाड! रेल्वे! उत्पलाच्या काळजात धस्स झालं. म्हणजे हाच की! तिनं हळूच पाहिलं... कुरळे केस, खट्याळ डोळे. कोरडी जागा तिला देऊन गळक्या खिडकीची त्यानं स्वतःकडं घेतली होती. सांगून टाकावं? छे! घरी चहाचा ट्रे धरून, मान खाली घालून बसायचं, सगळे प्रश्न त्यांनीच विचारायचे. इथं तिला कोण अडवणार होतं?

"नोकरीवाली चालेल का हो तुम्हाला?"

"आधी मी तिला चाललो पाहिजे ना!"

"आणि स्वयंपाक?"

"पिठलं फक्कड करतो. भाकरी मात्र... तव्याला चिकटते."

उत्पला खुदकन हसली. मग विचारू नये ते विचारून बसली. "आणि मुलगी पसंत नाही पडली तर?"

तो तिच्याकडं बघतच राहिला. "गोंधळच झालाय खरा. नाशिकरोडपर्यंत वाटत होतं, पडेल पसंत. आता ती कशीही असली, तरी—" आणि तो तोंड फिरवून बाहेर बघू लागला.

हसावं की रडावं, उत्पलाला कळेना. हा पठ्ठ्या तिच्यासाठी तिलाच नकार द्यायला निघाला होता! राग यावा, तर ओठ हसत होते. सांगू या घरीच, तिनं ठरवलं. चहा देताना याची फजिती बघू या.

एकदाची गाडी निघाली. पाडळी गेलं, घोटी आलं, तसा तो उठला.

"येतो. माझं स्टेशन आलं."

"घोटी? म्हणजे... इगतपुरी नाही?"

"मुलगी घोटीचीच आहे," तो म्हणाला आणि जड पावलांनी दाराकडं गेला.

उत्पलाचं डोकं गरगरलं. म्हणजे तिला बघायला आलेला दुसराच कुणी, आणि हा कुणा दुसरीचा! आपला समजून जीव लावला, तो आता उतरून जाणार. गार्डची शिट्टी झाली.

"अहो!" ती धावली. "मी तुम्हालाच माझं स्थळ समजत होते. मलाही बघायला मनमाडचेच यायचेत!"

त्याचा एक पाय खाली, एक पायरीवर. "मग... आता?"

"मला काही सुचत नाही. पण तुम्ही उतरू नका."

"आरं चढ की मुडद्या!" पुतळाबाई ओरडली. "गाडी काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

तो चढला. धापा टाकत म्हणाला, "उद्या घोटीला जाऊन हात जोडून माफी मागेन. नाव तरी सांगा."

"उत्पला. तुमचं?"

"रेवत."

इगतपुरीच्या प्लॅटफॉर्मवर बाबा छत्री घेऊन येरझारा घालत होते. "किती उशीर, पोरी! पाहुणे केव्हाचे खोळंबलेत. चल, साडी बदल लवकर."

"जयभीम, काका," मागून रेवत म्हणाला.

"जयभीम." बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे कोण?"

उत्पलानं मान वर केली.

"बाबा, पाहुण्यांची मी माफी मागते. पण मला आता कुणी बघायला नको. मीच मुलगा बघून आलेय."