पंपाचा आवाज

तसं काही विशेष नव्हतं त्या दिवशी. दुपारी क्लबमध्ये जायचं, कार्यक्रमाआधीचा साउंड चेक उरकायचा आणि घरी येऊन जेवायचं. दुपारचा क्लब तू पाहिला नसशील. एकही खिडकी नाही. जमीन चिकट, फिनाइलचा आणि कालच्या घामाचा वास. एरवी जिथं मुंगीला शिरायला जागा नसते, तिथं स्वतःच्याच चपला वाजतात.

माझं काम मोडतोडीचं. जुन्या रेकॉर्डवरचा ड्रमचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक काप करायचे आणि भलत्याच क्रमानं जोडायचे. ब्रेकबीट म्हणतात त्याला. बाबा म्हणतात, धड वाजत होतं ते कशाला मोडलंस?

नव्या गाण्यात ठोक्यांच्या मधे मला काहीतरी जिवंत हवं होतं. बाबा फुप्फुसांच्या आजारानं अंथरुणाला खिळलेले. ते झोपले असताना मी रेकॉर्डिंग लावून फोन त्यांच्या नाकाशी धरला, आणि बहीण खोलीत आली तसा गुपचूप खिशात टाकला. त्या श्वासाचेही मी काप केले.

क्लबमधला साउंडवाला, आम्ही त्याला कानसेन म्हणतो, गाणं सुरू होताच खुर्चीतून उठला.

"ही घरघर कुठून उचललीस रे?"

"पंप आहे. जुना."

बापाला पंप म्हणालो मी. जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

कानसेन खूश. म्हणाला, जरा पळव, लोक नाचायला येणार आहेत. मी वेग वाढवला. भिंती थरथरल्या, आणि खिशात फोनही. बहीण होती. बाबांना अचानक धाप लागली होती, डॉक्टरबाई घरी यायला निघाल्या होत्या. मी दुसऱ्या कानात बोट घातलं. फोनमधून बाबांचा श्वास येत होता... आणि तो ठेक्यात होता. गाण्यातला श्वास आत गेला की तिकडचा आत. बाहेर आला की बाहेर.

सर्रकन काटा आला अंगावर. वेग उतरवायची कळ माझ्या अंगठ्याखाली होती. पण समोर कानसेन डोलत होता. का उतरवलास म्हणाला, तर सांगू काय? पंप नाही, बाप आहे म्हणून? अंगठा हलेना. भीतीनं नव्हे रे, लाजेनं.

"दादा..." बहीण कुजबुजली. "ओठ निळे पडलेत..."

तेव्हा कुठे मी वेग उतरवला. फोनमधली धापही उतरत गेली. गाणं बंद केलं, पण तिकडचा श्वास चालू राहिला. मग तिथंच सगळं पुसून टाकलं, मूळ रेकॉर्डिंगसकट. कानसेनला वाटलं, मी त्याच्यावर रागावलो.

घरी पोचलो तर बाबा उशीला टेकून बसलेले. डॉक्टरबाई छाती तपासायची नळी कानाला लावत होत्या. बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"श्वास मागितला असतास तर दिला असता की," ते हळूच म्हणाले. "चोरून कशाला?"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

डॉक्टरबाईंनी नळी त्यांच्या छातीवर टेकवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचं बोट पलंगाच्या कडेवर वाजू लागलं. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. माझ्याच ड्रमचा ठेका होता तो. मीच कापलेला, मीच भलत्या क्रमानं जोडलेला.

"ते गाणं ठेवलंयस ना?" बाबांनी विचारलं. "माझं थोडं त्यात राहिलंय..."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. डॉक्टरबाईही होत्या. एवढ्यांच्या देखत...

"हो," मी म्हणालो.

बाबांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी श्वास आत घेतला, आणि तो न सोडता माझ्याकडे बघत थांबले. डॉक्टरबाईंचं बोट वाजतच होतं.