झिरीपाड्याची लस

झिरीपाड्यावर गोवर पसरला होता आणि लसीचा डबा गार आहे तोवर तिथे पोचवायचा होता. निघाले तिघे : नर्स दिपमाला, जीपचा ड्रायव्हर भटूभाऊ आणि पाड्यावरून निरोप घेऊन आलेला जामसिंग. जामसिंगचा मुलगा गोपाल त्याच गोवराने गेला होता. निरोपात त्याने तेही सांगितलं, रस्त्याबद्दल सांगावं तसं.

मे महिना. सातपुड्याच्या पायथ्याशी जीपचा रस्ता संपला आणि चढण सुरू झाली. पानं झडलेले साग, तापलेले काळे दगड, डोळ्यांपुढे थरथरणारी हवा. निळा डबा जामसिंगच्या खांद्यावर होता, वर ओलं फडकं. आत लसीच्या कुप्यांभोवती बर्फ भरलेल्या चार बंद प्लास्टिकच्या पट्ट्या. पाड्यावर पोचेपर्यंत झाकण उघडायचं नाही, असं दिपमालाने दोघांनाही बजावलं होतं.

खिंडीशी जामसिंग थबकला.

"ताई, वणवा! बठ्ठं रान पेटेल शे!"

वारा फिरला. धूर थेट अंगावर आला. "नाल्यात उतरा!" दिपमाला ओरडली. तिघे घसरत, खरचटत कोरड्या नाल्यात पडले. काठावरचं गवत तडतडत पेटलं. ठिणग्या पाठीवर पडू लागल्या. जामसिंगने डबा पोटाशी धरला आणि वाकून पळत सुटला. त्याच्या मागे दोघं. दिसत काहीच नव्हतं. पळायचं, एवढंच!

वणवा मागे पडला आणि भटूभाऊ कोसळला. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही. तो बरळू लागला, "भुसावळची गाडी लागली का?"

उष्माघात! बाटलीतलं पाणी केव्हाच गरम झालं होतं. दिपमालाने डब्याकडे पाहिलं, मग जामसिंगकडे. पाड्यावर त्याची धाकटी मुलगी होती, ममता. ही लस तिच्यासाठीही होती.

"जामसिंगभाऊ, बर्फ काढावा लागेल."

त्याने डबा सावलीत ठेवला.

"काढ, ताई. मरी जाई तो."

झाकण उघडलं, दोन पट्ट्या काढल्या, झाकण बंद! एक पट्टी मानेला, एक काखेत. जामसिंग फडक्याने वारा घालत राहिला, न थांबता. बऱ्याच वेळाने भटूभाऊने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दिपमालाला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त आपले हात गार पडल्याचं जाणवलं.

उन्हं उतरल्यावर ते पुढे निघाले. भटूभाऊ जामसिंगच्या खांद्यावर रेलून, डबा दिपमालाकडे.

पाड्यावर पोचताच तिने डबा उघडला. उरलेल्या पट्ट्यांत पाणी झालं होतं, पण मधोमध बर्फाचा तुकडा अजून खुळखुळत होता. तिने कुपीवरची, उष्णतेने काळवंडणारी खूण पाहिली. वर्तुळातला चौकोन फिकाच होता. लस चांगली होती!

बायका पोरांना घेऊन आल्या. जामसिंगची बायको रुपली दारात बसून होती. ती उठली नाही, तिने हाकेला ओही दिली नाही. गोपाल गेल्यापासून ती अशीच होती. शेवटी जामसिंगने ममताला स्वतः उचलून आणलं.

सुई टोचली. ममताने किंकाळी फोडली आणि हातपाय झाडत रडू लागली.

"झालं, झालं," दिपमाला म्हणाली.

"रडू दे तिले," जामसिंग म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

दारात रुपलीने मान वर केली. मग ती उठली आणि पोरीला घ्यायला आली.