अक्षरं आत की बाहेर

टायर या विषयावरचं माझं ज्ञान एका वाक्यात मावत असे: ते काळे असतात, गोल असतात आणि नको तिथे पंक्चर होतात. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्यात टायर येत नाहीत.

पिकअप बायकोची. तिची गावाबाहेर रोपवाटिका आहे. तिचे बाबा वर टेकडीवर कलमं बांधतात, बायको ती खाली विकते, आणि सुटीच्या दिवशी वरून खाली आणतो मी. थोडक्यात, हमालच. पदवीधर, एवढंच.

टेकडीच्या शेवटच्या टप्प्यात लाल मातीची चढण आहे. कोरडी असताना भली, ओली झाली की साबण. मागच्या हंगामाच्या शेवटी खताची पोती भरून वर जाताना तिथे आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये मागे निघाली. शेजारी बायको बसली होती. किंचाळणं तिच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, "तुझ्या तर्कशास्त्रात याला काय म्हणतात?" गाडी एका दगडाला टेकून थांबली तेव्हा उत्तर द्यायची गरज उरली नाही.

पण खरी काळजी रोपांची नव्हती. पावसाचे दिवस आले की ती चढण बंद होते, आणि बाबा वर एकटे असतात. त्यांचं हृदय गोळ्यांवर चालतं, नजर अधू झालेली. गेल्या वर्षी ते तापानं फणफणले होते आणि आम्ही दोघं चढणीच्या पायथ्याशी उभे राहून वर बघत होतो. एवढंच आमच्या हातात होतं. यंदा चढण बंद व्हायच्या आत बाबा खाली आले पाहिजेत, असं बायकोनं ठरवलं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "कलमं धरू देत, मग बघू." सासूबाई गेल्यापासून एकही कलम त्यांच्या मते नीट धरलेलं नव्हतं.

म्हणून टायर.

टायरवाला लठ्ठ आणि शांत होता. डॉक्टर विचारतात तसं त्यानं विचारलं, रस्त्यावर जास्त जाता की चिखलात. मग समजावलं. रस्त्याचे टायर गुळगुळीत चालतात, पण मातीत पाय गाळतात. चिखलाचे टायर चिखलात वाघ, पण डांबरावर गिरणीसारखे घरघरतात आणि डिझेल पितात. दोन्हीच्या मधले ते सगळ्या जमिनींवर चालणारे.

"म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे वाईट," मी म्हणालो.

"संसार म्हणा ना, साहेब," तो म्हणाला आणि बायको त्याच्या बाजूनं हसली.

आम्ही ते मधले घेतले. खोल नक्षीचे. नक्षीच्या कडेला कोंबडीच्या पायासारखी तीन बोटांची खाच होती. सगळं ठरल्यावर टायरवाल्यानं मान वर केली.

"अक्षरं आत की बाहेर?"

या टायरांच्या एका अंगाला कंपनीचं नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरांत असतं, दुसरं अंग नुसतं काळं. कुठलं अंग बाहेर ठेवायचं ते गिऱ्हाइकानं सांगायचं. टायर आणि गाडी दोघांनाही त्याचं काही नसतं.

"बाहेर," बायको म्हणाली.

"आत," मी म्हणालो. कंपनीची जाहिरात मी फुकट का करत फिरू, हा मुद्दा मी सविस्तर मांडला. बायकोनं तो संपू दिला.

"बाबांना लांबचं धड दिसत नाही," मग ती म्हणाली. "पांढरं काहीतरी फिरताना दिसलं तर ओट्यावरून कळेल त्यांना, आपली गाडी येतेय."

टायरवाला माझ्याकडे बघत होता. माझा मुद्दा मात्र मांडून झालेला होता, आणि मांडून झालेला मुद्दा मागे घेणं आमच्या पेशात बसत नाही. गाडी ऐकूही येतेच, असं मी म्हणालो. अक्षरं आत गेली.

घरी येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. एरवी ती मला भरपूर बोलते, आणि तेही अरे-तुरेत. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी चारचौघांत तरी 'अहो' म्हण म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली होती, "अनोळखी माणसाला म्हणेन."

नव्या टायरांची सवय व्हायला वेळ लागला. स्टिअरिंग जड झालं. डिझेलचा काटा उतारावरून सोडल्यासारखा खाली येऊ लागला. डांबरावर टायर गुणगुणत. शब्द आठवत नसलेलं गाणं कुणी नाकात म्हणावं तसे. नक्षीत खडे अडकत आणि घरी येईपर्यंत टक् टक् करत. मग मी अंगणात उकिडवा बसून स्क्रू-ड्रायव्हरनं ते काढत बसे. बायको म्हणे, गाडीचे दात कोरून झाले की हात धुऊन जेवायला ये.

पण चढण त्यांनी चढली. पहिल्याच खेपेला, ओली असताना, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मला टायरवाल्याला मिठी मारावीशी वाटली.

बाबा ओट्यावर होते, डोळ्यांवर आडवा हात धरून.

"कोण?"

"मी, बाबा."

"तू होय." ते चाकांकडे वाकले. "आज अक्षरं नाही आणलीस?"

कुठली अक्षरं, असं मी विचारलं.

"चाकांवरची. पांढरी. काल फिरताना छान दिसत होती. वळणावरूनच ओळखली गाडी."

काल मी वर्गात होतो, गाडी रोपवाटिकेत होती. बायकोनं त्यांना फोनवर टायरचा किस्सा सांगितला असणार आणि म्हाताऱ्या डोक्यात ऐकलेलं-पाहिलेलं एक झालं असणार, असा मी निष्कर्ष काढला. निष्कर्ष सुबक होता. फक्त बायकोनं त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. टेकडीवरचा फोन तर महिनाभर मुका होता.

मग इतर गोष्टी दिसू लागल्या. बाबांच्या गोळ्यांची खणाखणांची डबी आहे. ती भरायचं काम माझं, आणि मी ते विसरतो. ती भरलेली असे. पाण्याची टाकी आतून घासलेली. ओट्याची हलणारी पायरी कुणीतरी सिमेंट लावून बसवलेली, आणि माझ्याकडून ते शक्य नाही हे मला सगळ्यात आधी कळतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"तूच की. काल."

बाबांचा आवाज तक्रारीचा नव्हता, कौतुकाचा होता. माझ्याबद्दल त्यांच्या आवाजात कौतुक मी प्रथमच ऐकत होतो, आणि ते मला मिळालेलं नव्हतं.

अंगणातल्या मातीत टायरच्या खुणा होत्या. तीन बोटांची खाच. माझ्याच, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मी नुकताच आलो होतो आणि त्या खुणा वाळून कडक झाल्या होत्या. त्यांच्यात पालापाचोळा अडकला होता. माझी गाडी बरोबर त्यांच्यावर उभी होती, म्यानात घातल्यासारखी.

खाली येऊन मी टायरवाल्याकडे गेलो. हे टायर आणखी कुणी नेले का विचारलं. या मापाचा, या नक्षीचा एकच संच आला होता, तो म्हणाला, आणि तुम्ही नेलात. मग त्यानं विचारलं, "अक्षरं फिरवून हवीत का?" मी नको म्हणालो. आता ती फिरवणं म्हणजे कुणापुढे तरी हार मानणं झालं असतं. कुणापुढे, ते मला सांगता आलं नसतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आसपासचं कुणी भलं माणूस असेल. पायथ्याच्या वस्तीत पिकअपवाले आहेत. बाबांना कुणीही मीच वाटतो.

"करतोय ना कुणीतरी त्यांचं," ती म्हणाली. "करू दे."

मला ते लागलं. मग मी नेमानं डबी भरू लागलो. वर पोचावं तर ती आधीच भरलेली.

पुढच्या सुटीला मी बाबांच्या शेजारी बसलो. ते चाकूनं फांदीला तिरका काप देत होते, दुसऱ्या फांदीचा तसाच काप त्यावर बसवत होते. त्यांच्या बोटांना नजरेची गरज लागत नाही.

"बाबा, काल मी आलो तेव्हा काय बोललो?"

"तू कुठे बोलतोस," ते पट्टी गुंडाळत म्हणाले. "बसतोस. ऐकतोस." पट्टीला गाठ मारली. "आज मात्र फार बोलतोयस. तो बरा."

'तू'चा 'तो' व्हायला एका स्वराचा काय तो फरक. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र बराच वेळ त्या दोन फांद्यांच्या जोडाकडे बघत राहिलो.

"आता यातली मूळची कुठली, बाबा?"

"धरलं की विचारायचं नसतं ते," बाबा म्हणाले.

नंतर आकाश भरून आलं. ढग टेकडीवर बसले ते उठेनात. बायकोनं कॉलेजात फोन केला. आजच, ती म्हणाली. आज राहिलं तर राहिलं. त्यांनी नाही म्हटलं तर उचलून आण. गाडी तिनं माझ्यासाठी गेटाशी पाठवून दिली होती.

दुपार कलताना मी निघालो. डांबर संपलं, गुणगुण थांबली. चढणीवर माती वाहू लागली होती आणि टायर तिला धरून होते.

त्या मातीत ताज्या खुणा होत्या. एक जोडी वर गेलेली.

एक खाली आलेली.

मी त्यांच्यातूनच गेलो. दुसरी वाट नाही तिथे.

बाबा ओट्यावर उभे होते. दाराला कडी, हातात पिशवी. डोळ्यांवर हात धरला नव्हता. कोण, असंही विचारलं नाही.

वाद घालायची मी वाटभर तयारी केली होती. ती तशीच राहिली.

"कलमं?" मी विचारलं.

"धरली."

पायऱ्या उतरून ते आपले आपण गाडीत बसले. पट्टा लावला. एरवी त्यांना त्याचं टोक सापडत नाही.

उतरताना मीच बोलत होतो. टायरांबद्दल, बायकोनं तयार केलेल्या खोलीबद्दल, खिडकीतून तिची रोपं दिसतात त्याबद्दल. गेल्या वर्षी पायथ्याशी उभे होतो त्याबद्दलही. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा ऐकत होते.

वळणाशी ते म्हणाले, "घरी दिवा लागलाय."

मला समोर नुसता पाऊस दिसत होता. तिथून आमचं घर मला कधीच दिसलेलं नाही.

फाटकाशी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत, माझ्या जागेवर, एक पिकअप उभी होती. हेडलाइट तिच्या चाकांवर पडला आणि पांढरी अक्षरं उजळली.

खिडकी उघडी होती. बाबांचा आवाज आला, खुशीतला; मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "आज पाऊस होता तरी वळणावरूनच दिसली," ते सांगत होते. त्यांच्यासमोर कुणीतरी खिडकीकडे पाठ करून बसलं होतं. बोलत नव्हतं. ऐकत होतं.

माझ्या शेजारी पट्टा करकरला.

बायको छत्री घेऊन फाटकापर्यंत आली. दमलेली होती, पण किती महिन्यांनी चेहरा मोकळा होता. तिनं आधी माझ्या चाकांकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. अगदी सरळ. मी काच खाली केली. तिचं नाव माझ्या तोंडात होतं.

"कोण हवंय आपल्याला?" तिनं विचारलं. सौजन्यानं.

शेजारचे बाबा माझ्या अंगावरून किंचित वाकले.

"कुणी नाही, बाई," ते म्हणाले. "रस्ता चुकलो."

"या पावसात असं होतं," ती म्हणाली. "जपून जा." आणि तिनं फाटक लावून घेतलं.

मी गाडी मागे घेतली. प्रकाश फाटकासमोरच्या चिखलावर पडला. तीन बोटांच्या खाचेची एक जोडी आत गेली होती. माझी गाडी उभी होती तिथला चिखल मात्र सपाट होता, आणि त्यावर पाऊस पडत होता.