आयटीआयवाल्याला पोरगी कोन देल?

शिडीवर चढलेल्या माणसाचे आधी पायच दिसतात, त्यामुळे भावनाने विशालला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून.

"ओ दादा, पंखा राहू द्या, आधी माईक बघा. पाहुणे येतीलच इतक्यात."

"पाहुणे येतील तेव्हा येतील. पंखा आत्ता पडेल," वरून उत्तर आलं.

काय पण उद्धट माणूस, तिला वाटलं. मग त्याने मान वाकवून खाली पाहिलं, हसला... आणि तिच्या हातातला पुष्पगुच्छ उगाचच जड झाला.

खारबावजवळच्या त्या माध्यमिक शाळेत भावना विज्ञान शिकवायची. दहावीच्या मुलांना पुढे काय शिकायचं, कोणतं काम धरायचं हे सांगायची जबाबदारीही तिच्याच गळ्यात. नव्या शिक्षिकेच्या गळ्यात जे जे पडतं, त्यातलंच ते. दरवर्षी ठाण्याहून कुणी डॉक्टर नाहीतर इंजिनीयर यायचे, मुलं टाळ्या वाजवायची आणि घरी जाईपर्यंत सगळं विसरायची. यंदाचे पाहुणे अंजूरफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकले आणि तिथूनच मागे फिरले. साठ मुलं सतरंजीवर बसलेली, आणि बाईंच्या हातात नुसता पुष्पगुच्छ.

मुख्याध्यापक रामनाथ सरांनी शांतपणे शिडीकडे बोट दाखवलं. "हा आपलाच विद्यार्थी. शेलारचा विशाल. काल्हेरला गोदामात इलेक्ट्रिशियन आहे. ह्यालाच उभं करा."

त्याने जन्मात भाषण केलं नव्हतं. हात पँटला पुसत तो उभा राहिला.

"मला दहावीला पंचावन्न टक्के. सगळे म्हणाले, आता गोदामात हमाली कर. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला, त्यांना ड्युटी सोडून येता येईना. हे सर माझ्याबरोबर आयटीआयच्या फॉर्मच्या रांगेत उभे राहिले... सकाळपासून दुपारपर्यंत, उपाशी. आज गोदामातला सामानाचा पट्टा बंद पडला की शंभर माणसं हात बांधून माझी वाट बघतात. सरांचे उपकार काही फिटायचे नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी शाळेचे पंखे बघतो."

रामनाथ सर खिडकीबाहेर बघू लागले. मुलं मात्र सुटलीच. शॉक लागतो का? गणित किती लागतं? मागून एका मुलीने विचारलं, मुलींना घेतात का?

"आमच्याकडे दोघी आहेत. एक तर रोज माझ्या चुका काढते."

तासभर प्रश्न संपेनात. भावनाला इतकं भरून आलं की पुष्पगुच्छ द्यायचंही ती विसरली. दारात गाठून तिने तो पुढे केला. "फार आभारी आहे, दादा."

"आभार चालतील, मॅडम," तो म्हणाला. "दादा तेवढं सोडा."

मग काय, दर शनिवारी शाळेत काहीतरी बिघडायला लागलं. कधी घंटा, कधी पाण्याची मोटर. आपल्या शाळेत इतकं बिघडतं हे भावनाला तोवर ठाऊकच नव्हतं. तो येताना आयटीआयच्या अभ्यासक्रमांची माहिती आणायचा, ती मुलांनी पुढे काय शिकायला आवडेल ते लिहिलेल्या फॉर्मांचा गठ्ठा काढायची, आणि अंगणातल्या मोहोरलेल्या आंब्याखाली चहा निवून जायचा.

"आज काय बिघडलंय?"

"काहीच नाही."

"मग बघायलाच हवं. काही न बिघडता शाळा चालते तरी कशी..."

ती हसायची, आणि वर्गात गेल्यावरही ते हसू तोंडावर तसंच राहायचं. मुलं एकमेकांना कोपरं मारायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, मोटरचं झाकण लावता लावता, त्याने सरळच विचारलं.

"मला फिरवून बोलता येत नाही, मॅडम. लग्न कराल... माझ्याशी?"

हो अगदी ओठांवर आलं होतं. पण तिथेच अडलं. तिचे बाबा, बाळाराम, शेतकरी माणूस, पोर एम.एस्सी. झाली म्हणून सगळ्या गावात सांगून बसलेले की जावई करीन तर इंजिनीयर. पुढच्या रविवारी ठाण्याचे पाहुणे तिला बघायलाही येणार होते. आणि खरं सांगायचं तर नुसते बाबाच नव्हते. शिक्षकांच्या खोलीत काय बोलतील, मैत्रिणी काय म्हणतील, याची धास्ती तिची स्वतःची होती. कोणतंही काम हलकं नसतं, असं वर्गात मुलांना सांगणारी ती. तिला स्वतःचाच राग आला.

"शनिवारी सांगते... पालकसभा झाल्यावर."

"बरं. नाही असलं तरी तोंडावर सांगा. मग मोटर बिघडली म्हणून बोलावू नका."

तो आठवडा तिचा कसा गेला ते तिलाच ठाऊक.

शनिवारी सभागृह भरलं. मुलांच्या आवडीच्या फॉर्मवर आज पालकांच्या सह्या व्हायच्या होत्या. गावचे जाणते म्हणून बाळाराम पुढच्या खुर्चीवर, आणि सरांनी बोलावलं म्हणून विशाल अगदी मागे. भावना छान बोलली. तेवढ्यात गुणाबाई उठल्या. त्या काल्हेरला पॅकिंगच्या कामाला जायच्या, आणि त्यांच्या कुमारला इलेक्ट्रिशियनच व्हायचं होतं.

"बाई, तुमचा बोलना बराबर हाय. पन उद्या माझे पोराला पोरगी कोन देल? आयटीआयवाला म्हनतील न् चा पिऊन उठतील." मग पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "तुम्ही यवऱ्या शिकलेल्या. तुम्ही सोता कराल का आयटीआयवाल्याशी लगीन?"

हशा पिकला. बाळारामही हसले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "मावशी, हे मॅडमना विचारू नका," विशाल म्हणाला. "त्यांच्या घरचा प्रश्न आहे तो. मी सांगतो काय ते—"

तिला अडचणीतून सोडवायला तो उभा राहिला होता. स्वतःचं उत्तर हातचं घालवून. हे पाहिलं मात्र, आणि भावनाच्या मनातली धास्ती कुठल्या कुठे गेली.

"थांबा, विशाल," ती म्हणाली. नुसतं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. "मावशी, करीन. म्हणजे... करायचंच आहे. ह्यांनी मला विचारून आठवडा झाला. मी उत्तर दिलं नाही, कारण तुमच्यासारखीच मलाही लोकांची भीती वाटली. वर्गात एक सांगायचं आणि घरी दुसरं, याची मला लाज वाटते. तुम्ही विचारलंत म्हणून आज तोंड उघडलं."

सगळ्यांच्या नजरा पुढच्या खुर्चीवर. बाळाराम सावकाश उठले, वळून मागे बघत राहिले. विशाल जवळ येऊन हात जोडून उभा राहिला.

बाळारामांनी मान वर केली. "हे पंखे तूच केलंस काय?"

"हो, काका."

"बरं हायेत. आवाज न्हाय करत." मग लेकीकडे वळून ते म्हणाले, "मना घरी सांगायचास ना गो. उद्याचे पावन्यांना मी काय सांगू?"

"खरं सांगा, बाबा."

"खराच सांगावा लागल," ते म्हणाले. "चारचौघांत बोललीस, आता माघारी कशी फिरशील? तू न्हाय, न् मी पन न्हाय." आणि डोळे पुसत खाली बसले.

गुणाबाईंनी तोवर फॉर्म पुढे सरकवला होता. "घ्या बाई, कुमारचा भरा. पयला इलेक्ट्रिशनच लिवा. सही मी करते."

भावनाने लिहिलं. फॉर्म देताना तिने गुणाबाईंचे दोन्ही हात धरले. "तुमचे कसे आभार मानू, मावशी?"

"माझे कशाला? मी आपला सरल विचारला."

सभा पांगली. दारापाशी विशाल उभा होता, हातात हेल्मेट.

"आभारी आहे, मॅडम..."

"आभार चालतील," ती म्हणाली. "मॅडम तेवढं सोडा."